मुंग्या लागलेलं विमान

सरांना खोकला झाला की ते औषध घेत नसत. आधी आठवडाभर चहा सोडत. खोकला राहिलाच तर चहा पुन्हा सुरू करून उशी बदलत. तरीही राहिला तर जुनी उशी परत घेऊन पंखा बंद ठेवत. एवढ्यात खोकला आपल्या आपण जाई, आणि ज्या आठवड्यात तो जाई त्या आठवड्यातली वस्तू गुन्हेगार ठरे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हाताने भरलेली कापसाची एक चांगली उशी अशीच घराबाहेर गेली. ती मी आणली. अजून आहे. तिच्यावर झोपून आमच्या घरात कोणी खोकलेलं नाही.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ताई," सर म्हणायचे. "दोन बदलल्या की कारण हरवतं."

सर बारामतीच्या एका तांत्रिक शाळेत फिटरच्या वर्गाला शिकवून निवृत्त झाले होते. माझी पोल्ट्री पळसदेवला, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. नव्वदच्या दशकातल्या एका वर्षी अंड्याला भाव नव्हता, म्हणून दोनपैकी एक शेड मी रिकामी ठेवली होती. एक दिवस मोपेडवरून एक बारकेले गृहस्थ आले. खिशाला पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. त्यांनी शेडची लांबी पावलांनी मोजली, दाराची रुंदी हात पसरून मोजली आणि विचारलं, "इथे विमान ठेवलं तर कोंबड्यांना त्रास होईल का?"

"कोंबड्यांचं मी बघते," मी म्हटलं. "तुम्ही उंदरांचं बघा. कापड खातात."

माणूस शहाणा आहे की नाही याची चौकशी मी केली नाही. शेड रिकामी होती.

भाड्याऐवजी त्यांनी पोल्ट्रीची दुरुस्ती बघायची असं ठरलं. हा सौदा मला फार महागात पडला. एकदा विहिरीवरची मोटर पाणी उचलेना. आमच्याकडे अशा वेळी कोणीही पाइप हलवतो, व्हॉल्व्ह झटकतो, मोटरला दोन शिव्या देतो आणि पाणी येतं. सरांनी फक्त फ्यूज बदलला आणि दुपारभर मोटरसमोर खुर्ची टाकून बसले. कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकायला लागल्या. मी बादल्यांनी पाणी घालायला लागले, तर म्हणाले, "थांबा, ताई. निरीक्षण चालू आहे."

"तुमचं चालू आहे, कोंबड्यांचं बंद पडेल."

दुसऱ्यांदा कोंबड्यांनी अंडी कमी केली. मी खाद्य बदललं, खालचं तूस बदललं, दिवे वाढवले, पाण्यात औषध टाकलं. अंडी आली. सर येऊन दुखवट्याला बसल्यासारखे बसले.

"चार गोष्टी एकदम बदलल्यात. आता कशामुळे आली ते या जन्मात कळणार नाही."

"मला कारण नको, सर. अंडी हवीत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गात नापास झालेली पोरंही बरी. मी पहिली, जिच्यापुढे त्यांनी विषय सोडून दिला.

विमान त्यांनी बारामतीला घराच्या गच्चीवर बांधलं होतं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, जुन्या मोटारीचं इंजिन, पुढे लाकूड तासून केलेला पंखा, आणि पंखांना मांजरपाट. ते कापड काकूंनी शिवलं होतं. काकू बारामतीत शिवणक्लास घ्यायच्या. अंगाने भरलेल्या, जिभेने मोकळ्या. पंखाची शिवण बघून मी कौतुक केलं, तर म्हणाल्या, "अहो, ब्लाउजपेक्षा सोपं. विमान श्वास घेत नाही, आणि पुढच्या आठवड्यात जाड होऊन परत येत नाही."

बसायला एकच जागा, मागच्या चाकांच्या पुढे. तीन चाकं, एक पुढे, दोन मागे. शेडमध्ये आणून जोडलं तेव्हा ते नाक वर करून शेपटीवर बसलं. उंट उठताना दिसतो तसं.

काकूंनी तिथेच माझ्यादेखत अट घातली. "गच्ची अडली, माझे पापड अडले, पाच-सहा वर्षं मी गप्प बसले. आता या उन्हाळ्यात पाणी चढायच्या आत हे उडालं तर ठेवा. मी स्वतः आत बसून दाखवीन. नाही उडालं तर भंगारवाल्याला देऊन मोकळं व्हायचं."

"मान्य," सर म्हणाले. शब्दाचा माणूस. पुढे सगळा घोळ त्यामुळेच झाला.

पाणी चढायच्या आत, म्हणजे काय ते सांगायला हवं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे सरलं की आमच्या शेडच्या पुढे गाळाची जमीन उघडी पडते. वाळून कडक झाली की टेबलासारखी सपाट. जुनं देऊळ वर येतं. पावसाळ्यात वरच्या धरणांचं पाणी सुटलं की हे सगळं पुन्हा बुडतं. विमान पळवायला अशी जागा जिल्ह्यात नव्हती, आणि ती फक्त तेवढेच दिवस होती.

त्या जागेवर शेजारच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या आबांची मेंढरं चरायची. आबांच्या मुलांनी कळप विकून ऊस लावला होता, साखर कारखान्याचे सभासद झाले होते. आबांनी मात्र करमत नाही म्हणून थोडी मेंढरं ठेवली होती. पहिल्या दिवशी ते काठी टेकून शेडच्या दारात उभे राहिले.

"सूनबाई, ह्ये काय हाय?"

"विमान आहे, आबा."

"कुणाचं?"

"सरांचं."

आबांनी सरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मास्तर, तुमी न्हाय का दुसरं कायतरी आनायचं? धार काढायला येईल आसं?"

आठवड्याभरात तेच आबा मेंढरं बाजूला हाकून सरांना काठीने खूण करायला लागले. काठी वर, म्हणजे रान मोकळं. काठी आडवी, म्हणजे अजून एक मेंढी राहिली.

विमान शेपटीत जड आहे हे दिसतच होतं. किती जड, ते मोजायला हवं होतं. सर विमानाचे पंख सोडून, सांगाडा ट्रॉलीवर घालून एका कारखान्याच्या वजनकाट्यावर घेऊन गेले. गळीत संपत आलं होतं. उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेत ते नंबर लावून उभे राहिले, कारण नंबर मोडणं त्यांना जमत नसे. पाठीमागच्या गाडीचा बैल शेपटीचं कापड चाटत होता. ट्रॉली भरलेली आणि रिकामी अशी दोनदा काट्यावर घेतली. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. काट्यावरचा माणूस म्हणाला, "काका, एवढं वजन तर आम्ही पाचटापोटी सोडून देतो. तुमच्या मालाचं वजन शून्य धरा."

"शून्य वजनाचं विमान उडायला काय हरकत आहे?" मी विचारलं.

सर हसले नाहीत. माझ्या कोंबड्या तोलायच्या काट्याला एकेक चाक टांगून त्यांनी मोजमाप केलं आणि निष्कर्ष काढला, की नाकात वजन टाकावं लागेल. मी म्हटलं दगड टाका. दगड ओबडधोबड. वाळू म्हटलं, तर वाळू सांडते. मग त्यांची नजर आबांच्या घरात आलेल्या साखरेवर पडली. सभासदांना कारखान्याकडून मिळणारी साखर. शिवलेलं पोतं, वजन छापलेलं.

"याहून भरवशाचं वजन नाही," सर म्हणाले. "कारखान्याने तोललेलं आहे."

ज्या काट्याने त्यांच्या विमानाला शून्य दिलं होतं, तसल्याच काट्यावर त्यांचा हा विश्वास.  आबांनी पोतं आनंदाने दिलं आणि पळसदेवपासून लासुर्ण्यातल्या लेकीच्या घरापर्यंत सांगत सुटले, की आपली साखर इमानातून जाणार हाय. पोतं नाकात बसवून वरून काकूंनी शिवलेलं कापडाचं झाकण बांधलं. विमान तीन चाकांवर नीट उभं राहिलं.

आता स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कोणालाही पुढचं सांगायला नको. दोन दिवसांत मुंग्या लागल्या. चाकावरून वर, नळीवरून आत, झाकणाखालून पोत्यात. रांग शेडच्या भिंतीपासून विमानापर्यंत अशी सरळ, की सर म्हणाले, "शिस्त आहे."

मी तीन घमेली आणून पाणी भरलं. दुभत्याच्या कपाटाचे पाय आपण पाण्याच्या वाट्यांत ठेवतो, तसंच. सर आडवे आले.

"एका वेळी एकच घमेलं."

"का म्हणून?"

"कोणत्या चाकावरून येतात ते कळायला नको?"

पुढच्या चाकाखाली घमेलं ठेवलं, मुंग्या मागच्या दोन चाकांवरून चढल्या. ते घमेलं काढून डाव्या चाकाखाली ठेवलं, त्या उजव्यावरून आणि पुढून चढल्या. हे पूर्ण करून सर मला गंभीरपणे म्हणाले, "तिन्ही चाकांवरून येतात असं दिसतं." मग तिन्ही घमेली लागली. विमान पाण्यात पाय सोडून उभं राहिलं. तोवर आत गेलेल्या मुंग्यांना बाहेर पडायची वाट उरली नव्हती. त्या तिथेच राहिल्या. साखर होती, सावली होती, त्यांचं बरं चाललं होतं.

पळवायच्या चाचण्या सुरू झाल्या. सरांच्या समोर वेगाचा एक काटा होता. विमानाच्या नाकातून एक बारीक नळी पुढे काढलेली. तिच्यात वारा शिरला की त्याच्या दाबाने काटा सरकणार. सरांनी काट्याच्या तबकडीवर लाल रेघ मारली होती. काटा रेघेला लागला की दांडा मागे ओढायचा आणि उडायचं. त्याआधी नाही. उडायची परवानगी मागणारा अर्जही तेव्हाच करायचा, कारण त्यांच्या मते जमिनीवर पळणाऱ्या वस्तूला परवानगी लागत नाही.

विमान पळायचं. माझ्या डोळ्यांना तर एसटीपेक्षा जोरात पळायचं. धुरळा उठायचा, मेंढरं पार देवळापर्यंत जायची. आणि शेवटी सर इंजिन बंद करून मान खाली घालून यायचे. काटा अर्ध्यावर थांबत होता.

"मास्तर, मला वाटलं आता जातंय," आबा म्हणायचे. "फुडचं चाक उचाललं व्हतं की."

"काटा लागला नाही."

"आवो, काट्याला काय करायचं हाय? उडायचं तुमाला हाय का काट्याला?"

सरांनी दोष शोधायला सुरुवात केली. दोष शोधायचा तो शेपटीपासून नाकाकडे, हा त्यांचा क्रम. शेपटीच्या तारा ताणल्या, एक चाचणी. सैल केल्या, एक चाचणी. मागच्या चाकांचं ग्रीस बदललं. हवा वाढवली. पंखाखालचं एक ठिगळ काढलं. स्वतःच्या चपला काढून अनवाणी चालवलं. मिशा काढल्या. त्या आठवड्यात त्यांना कोणी ओळखेना, मेंढरं मात्र पूर्वीसारखीच पळाली.

"सर, काटाच खराब असेल," मी म्हटलं.

"शक्य आहे."

"मग बघा ना."

"तो नाकात आहे. त्याचा नंबर शेवटी."

मे संपत आला. देवळाच्या पायरीपर्यंत ढगांच्या सावल्या यायला लागल्या. माझी नवी पिलांची बॅच ठरली होती, हॅचरीची गाडी सोमवारी येणार होती, आणि त्याआधी शेड धुऊन चुना मारायचा होता. मी सरांना स्पष्ट सांगितलं, रविवारी शेड रिकामी हवी. काकूंनीही इंदापूरच्या भंगारवाल्याला रविवारचंच सांगून ठेवलं होतं. सरांच्या यादीत अजून इंजिन शिल्लक होतं. शनिवार उजाडला.

त्या दिवशी काय घडलं ते नीट सांगते, कारण सरांनी पुढे आम्हा तिघांकडून ते अनेकदा वदवून घेतलं.

सकाळी आबा आले. लेकीच्या घरी नातवाचं बारसं होतं, साखर कमी पडत होती. मास्तर शेडमध्येच झोपलेले दिसले, त्यांना कशाला उठवायचं, म्हणून त्यांनी झाकण सोडून आपलं पोतं उचललं आणि झाकण पुन्हा होतं तसं व्यवस्थित बांधलं. पोतं थोरल्या नातवाबरोबर पाठवून ते लगेच परत आले. त्यांनी बदलली ती एकच गोष्ट.

मग काकू बारामतीहून एसटीने आल्या. उद्या भंगारात जायचं तर निदान पुसून तरी द्यावं, असं त्यांना वाटलं. ओल्या फडक्याने पुसता पुसता त्यांना नाकातली नळी बुजलेली दिसली. केसांतला आकडा काढून त्यांनी ती कोरली. आतून मुंग्या, त्यांची अंडी आणि साखरेचा चिकटा निघाला. आकडा पदराला पुसून त्यांनी पुन्हा केसांत खोचला. हीसुद्धा एकच गोष्ट.

तिसरी माझी. इंजिनाच्या आवाजाने कोंबड्यांचं अंडं घटत होतं. मी सरांना म्हटलं, आज शेडच्या बाजूने सुरू करू नका, लांब देवळाकडून इकडे पळवा. म्हणजे इतके दिवस वारा पाठीवर घेऊन पळत होते, ते आता वाऱ्याला सामोरे पळणार होते. हे मला माहीत नव्हतं. सरांना माहीत असणार, पण मी शेडची मालकीण, त्यांनी ऐकलं.

सर बसले. डोक्याला स्कूटरचं हेल्मेट, पायजमा मोज्यात खोचलेला. विमान पुन्हा शेपटीवर बसलेलं दिसलं होतं, असं ते नंतर म्हणाले. पण त्या दिवशी शेपटीचा नंबर नव्हता.

आबांनी काठी वर केली. विमान देवळाकडून निघालं. अर्धं रानही संपलं नसेल, तेवढ्यात काटा लाल रेघेच्या पलीकडे गेला. सरांनी नियमाप्रमाणे दांडा ओढला.

ते उडालं नाही, उसळलं. नाक आभाळाकडे, शेपटी खाली, गच्चीवरून कोणी फेकल्यासारखं, पण खालून वर. आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बांगड्यांचे वळ मला दोन दिवस होते.

"पडतील," त्या म्हणाल्या.

"न्हाय पडायचं," आबा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "सूनबाई, पर ती साखर मी काडलीया. त्येनं काय व्हतं का?"

मी आबांकडे पाहिलं. वरती विमान डोलत होतं. सर दोन्ही हातांनी, मग गुडघ्यांनी दांडा पुढे दाबत होते, आणि विमानाचं नाक पुन्हा पुन्हा वर जात होतं. पाण्यावरून एक मोठं वळण घेऊन ते परत आलं. मासे धरणारे होडीत उभे राहिले. आबांनी काठी आडवी धरली होती, कारण मेंढरं मधे आली होती, आणि सर ती खूण पाळून पुन्हा वर जातील की काय अशी मला भीती वाटली. म्हणून काठी मी हिसकावून घेतली. विमान आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं, आणि काठच्या ओल्या गाळात चाकं रुतवून थांबलं.

आम्ही पळत गेलो. सर जागेवरच बसून होते. हेल्मेट डोळ्यांवर आलेलं. पहिलं वाक्य बोलले ते असं: "साखर कुठे आहे?"

"बारशाला गेली," आबा म्हणाले.

काकूंना धाप लागली होती. "मेलात असं वाटलं मला. वरून काय दिसलं ते तरी सांगा."

"मी काट्याकडे बघत होतो."

"सगळा वेळ?"

"वेग बघायला नको?"

गाळात उभं राहूनच त्यांनी चौकशी केली. साखर, नळी, वारा. तीन बदल. प्रत्येक बदलाला त्यांचा चेहरा आणखी उतरत गेला. शेवटी म्हणाले, "हे उड्डाण धरता येणार नाही."

"धरता येणार नाही म्हणजे?" काकू म्हणाल्या. "मी डोळ्यांनी पाहिलं."

"तीन गोष्टी एकदम बदलल्या. कशामुळे उडालं ते कळत नाही. जे का उडालं ते कळत नाही, ते उडालं असं मी म्हणू शकत नाही."

गावाच्या पोलीस पाटलांनी संध्याकाळी येऊन विमान उडवल्याबद्दल विचारलं, तेव्हाही सर हेच म्हणाले. पाटील समाधानाने परत गेले.

सरांची मागणी साधी होती. पोतं परत हवं, वारा पाठीवर हवा, नळी पुन्हा बुजवायला हवी, आणि मग एकेक बदलत पुन्हा चाचण्या. पोत्याचे तोवर लाडू झाले होते. मुंग्यांचं काय करायचं ते आम्हाला सुचेना.

रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. विमान ट्रॅक्टरने ओढून शेडमध्ये आणलं होतं. पुन्हा शेपटीवर बसलेलं, नाक वर.

काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. "परत जा बाबा. हे उडालेलं आहे. द्यायचं नाही."

"उडाल्याचं सिद्ध झालेलं नाही," सर मागून म्हणाले. "शब्द दिलेला आहे. घेऊन जा." आणि खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून ते स्वतः पंखाचे नट सोडायला लागले. नट ते क्रमानेच सोडत होते. शेपटीकडून.

"अट मी घातली, मी मोडते."

"अट दोघांची असते."

"काका, तुमचं घरात ठरवा," भंगारवाला म्हणाला. "मी तोवर चहा घेतो."

"चहा नाही, काम कर," सर म्हणाले. भंगारवाल्याने शेपटीला हात घातला.

काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग चपला काढल्या, पदर खोचला, आणि पंखाला धरून विमानात चढल्या. जागा त्यांना अरुंदच होती. त्या दाबून बसल्या आणि दांडा दोन्ही हातांनी धरला.

"मी बसून दाखवीन म्हटलं होतं. बसले. आता उचल."

शेपटी भंगारवाल्याच्या हातातून सुटून वर गेली. नाक सावकाश खाली आलं आणि पुढचं चाक जमिनीला टेकलं. विमान तीन चाकांवर उभं राहिलं. साखरेशिवाय.

सर नट हातात धरून उभे होते. त्यांनी विमानाला एक फेरी मारली. वाकून तिन्ही चाकं पाहिली. शेपटीखाली एक बोट घालून ती किंचित उचलून सोडली. मग काकूंच्या समोर आले. तो चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. उड्डाणानंतरही नाही.

"उतरू नकोस," ते म्हणाले.

"का?"

"एकच गोष्ट बदलली आहे."

काकू उतरल्या नाहीत. मी भंगारवाल्याला चहा दिला, आणि हॅचरीला फोन करून सांगितलं की पिलांची गाडी आठ दिवसांनी पाठवा.